साहेब असं बोललेच नाहीत

...आणि वर वाचक मलाच विचारतात, स्वल्पविराम कुठे गेला! अहो, स्वल्पविराम द्यायला आधी वाक्य लागतं ना? कर्ता, कर्म, क्रियापद, तिघांपैकी निदान दोघं तरी हजर पाहिजेत की नकोत? तुम्हाला सांगतो, अकरा वर्षं मी वर्तमानपत्रात बसून साहेबांची भाषणं नीट करतोय. साहेब म्हणजे आमचे संपादक नव्हेत हो, राज्य चालवतात ते साहेब! वय वर्षं ब्याऐंशी. बातमीदार सभेतून रेकॉर्डिंग आणतो, मी हेडफोन लावतो, ऐकतो, टाइप करतो, जरा इकडचं तिकडे करतो, की झालं पहिलं पान तयार. सुरुवातीला खरंच तेवढंच असायचं. एखादं आडनाव चुकायचं, एखादा आकडा. केला दुरुस्त. आपण काय, शुद्धलेखन तपासणारी माणसं!

मग आकडे गेले. मग नावं गेली. मग क्रियापदं जायला लागली... आणि मी आपला पाहुणे यायच्या आधी पसारा पलंगाखाली ढकलावा तसा ढकलत राहिलो.

मागच्या वर्षीची पाणी योजनेची सभा घ्या. हेडफोनमध्ये साहेब म्हणतात, "पाणी... पाणी हे... आई विहिरीवर उभी आहे. तिला सांगा, मी येतो. अरे कुणीतरी सांगा रे तिला..." आणि टाळ्या! अरे टाळ्या कसल्या वाजवताय? मला गलबलून आलं हो. हेडफोन काढला, चहा प्यायलो, आणि लिहिलं, ‘पाण्यासाठी विहिरीवर ताटकळणाऱ्या प्रत्येक आईला माझा शब्द आहे, मी येतोय!’ दुसऱ्या दिवशी संपादकांनी माझ्याच पाठीवर थाप मारली, "काय धार आलीय रे साहेबांच्या बोलण्याला या वयात!" आठवड्याभरात गावभर फलक लागले. ‘मी येतोय!’ वर साहेबांचा हसरा फोटो, तोही सहा वर्षांपूर्वीचा. चॅनेलवाले आमच्याहून हुशार, ते आवाजच ठेवत नाहीत. साहेब हात हलवताना दाखवतात आणि मागे बँड वाजवतात.

मी बातमीदाराला विचारलं, "अरे, साहेबांना बरं नाही हे आपण छापायचं कधी?" तर म्हणतो, "प्रकृती ठणठणीत आहे की!" म्हटलं, "कुणी सांगितलं?" म्हणतो, "आपल्याच पेपरात आलंय!"

आता एवढ्यावर भागलं असतं तर मी कशाला तुमच्यापुढे रडगाणं गायलं असतं? पण घरी माझे बाबा आहेत. वय ऐंशी. आयुष्यभर मोजणी खात्यात होते, गावंच्या गावं नकाशावर उतरवलेला माणूस! आणि हा माणूस दोन गल्ल्या पलीकडे दूध आणायला जातो आणि दुधाशिवाय, चपलेशिवाय, भलत्याच दिशेने परत येतो. दोनदा गॅस चालू राहिला. बायकोने मला कोपऱ्यात घेतलं, "अहो, डॉक्टरकडे न्या त्यांना. निदान स्कूटरची किल्ली तरी काढून घ्या." काढून घ्या म्हणे! वाघाच्या तोंडातून शेळी काढणं सोपं. मी तोंड उघडायचा अवकाश, बाबा पेपर नाचवायचे, "वाच! वाच हे! माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहे तो माणूस. कसा बोलतोय बघ! तो राज्य चालवतोय आणि मी स्कूटर चालवायची नाही?"

सांगा ना, तुम्ही काय उत्तर दिलं असतं?

मागच्या महिन्यात बाबा स्कूटर घेऊन गेले ते चार तास आलेच नाहीत. भर दुपारी मी कामावरून उठून वेड्यासारखा हिंडलो. सापडले कुठे? त्यांच्या जुन्या कचेरीच्या जागी आता बुटांचं दुकान आहे, त्या दुकानात. सेल्समनला दरडावत होते, "सगळे नकाशे कुठे हलवलेत? कुणाच्या परवानगीने?" मला बघितलं आणि एकदम लहान मुलासारखे बिलगले. आणि घरी येऊन पाणी प्यायले, की झालं, पुन्हा पेपर! "साहेबांना बघ..."

माझा बांध फुटला. म्हटलं, "बाबा, ती वाक्यं त्यांची नाहीत, माझी आहेत! अकरा वर्षं मी लिहितोय!" बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. शांतपणे म्हणाले, "तुला साधं पत्र धड लिहिता येत नाही. उगाच मोठ्या माणसाचं श्रेय लाटू नये."

दुसऱ्याच दिवशी साहेबांनी पुलाचं उद्घाटन केलं. हेडफोन लावला. साहेब म्हणतात, "हा... हा जो आपण... काय बांधलंय हे?" मागून सचिव कुजबुजतात, "पूल, साहेब." "हं. पूल. आपण कुठे आलोय? घरी कधी जायचं?" असं सात वेळा. मोजलं मी. माझी बोटं सवयीने धावायला लागली, ‘पुलामुळे प्रत्येक जण वेळेत घरी...’ आणि थांबली. डोळ्यांपुढे ते बुटांचं दुकान आलं. म्हटलं, आज एक अक्षर इकडचं तिकडे करायचं नाही. जसं बोलले तसं टाइप केलं. सात वेळा म्हणजे सात वेळा! साहेबांच्या भाषणाचा मजकूर संपादक वाचतच नाहीत. म्हणतात, "तुझ्या हातची आहे ना? सोड पानावर!" सोडली.

सकाळी बाबांनी भिंग लावून वाचलं. एकदा. पुन्हा एकदा. मी दाराआड उभा. मग हाक मारली, "अरे, हा माणूस माझ्यासारखाच आहे रे. माझंही असंच होतं. शब्द जिभेवर असतो, आणि आतून कुणीतरी कडी लावतं." मग खिशातून किल्ली काढली, स्वतःहून, माझ्या हातात ठेवली. "त्या डॉक्टरची वेळ घे. एकटं भ्यायला होत होतं."

तुम्हाला सांगतो, अकरा वर्षांत पहिल्यांदा मला पत्रकार झाल्यासारखं वाटलं!

आणि कचेरीत? आगडोंब! संपादक ओरडतात, "हे कुणी लिहिलं?" म्हटलं, "साहेबांनी." "म्हणजे कुणी?" म्हटलं, "साहेबांनीच!" "थट्टा करतोस?" वाचकांचे फोनवर फोन. साहेबांची काळजी एकालाही नाही हो! सगळ्यांचं एकच, पेपराचा दर्जा घसरला, मुद्रितशोधक झोपतात का? आणि मग साहेबांचे सचिव स्वतः हजर. "साहेब असं बोललेच नाहीत." म्हटलं, "टेप आहे." "टेप चुकीची आहे!" संपादक चहा सांगायला बाहेर गेले, तेवढ्यात हा माणूस खुर्चीत मटकन बसला आणि हळूच मला म्हणतो, "सव्वीस वर्षं मी त्यांच्यासोबत आहे. हल्ली रोज सकाळी विचारतात, आपण कोण? त्यांना घरी जायचंय हो. पण साहेब घरी गेले तर आम्ही सगळे कुठे जाणार?" डोळे पुसले, उठला आणि दारातून म्हणतो, "खुलासा उद्याच्या अंकात, पहिल्या पानावर."

आता म्हणाल, तू नाही म्हणायचंस! म्हणायचं होतं हो... तोंडापर्यंत आलं होतं. पण वय त्रेपन्न, मला दारात तरी कोण उभं करणार? संपादक म्हणाले, "साहेबांची भाषा तुझ्याइतकी कुणाला जमते?" बसलो. लिहिला. आपण काय, शुद्धलेखन तपासणारी माणसं! ‘तांत्रिक दोषामुळे भाषणातील ओळी विस्कळीत छापल्या गेल्या. माननीय साहेबांची प्रकृती उत्तम असून स्मरणशक्ती तरुणांनाही लाजवणारी आहे.’ लाजवणारी! हा शब्द मला आपोआप सुचला, काय करू?

सकाळी अकराची डॉक्टरची वेळ. मी आंघोळ करून बाहेर येतो, तर बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, बूट चढवून तयार. पण हातात पेपर. आणि चेहरा असा उजळलेला! "अरे, छपाईची चूक होती! दे ती किल्ली. आणि डॉक्टरला फोन कर, म्हणावं गरज नाही."

"बाबा, तो खुलासा खोटा आहे."

"पहिल्या पानावर?"

पाया पडलो, रडलो, बायको रडली. डॉक्टरकडे येत नाहीत ते नाहीतच. शेवटी तडजोड झाली. स्कूटर तेच चालवतात, मी मागे बसतो. दोन्ही हात त्यांच्या हातांवर, पाय ब्रेकच्या शोधात, आणि कानाशी अखंड, "डावीकडे, बाबा... हळू... सिग्नल आहे... आता उजवीकडे." घरी पोचलो की जिना चढतानाच बायकोला ओरडून सांगतात, "सूनबाई, एकदाही रस्ता चुकलो नाही!"

मी हेल्मेट काढतो, घाम पुसतो आणि म्हणतो, "नाही चुकलात, बाबा."