पाचपैकी किती?

साहेब, माणसं कळतात का, हे ज्याचं त्यालाच विचारता आणि त्यावर नोकरी ठरवता, हा शुद्ध आळस आहे! इस्पितळाच्या ऑफिसात खिडकी दुरुस्त करणाऱ्या सुताराच्या हे अगदी ओठांवर आलं होतं. मागच्या बाकावर पेशंटची देखभाल करणाऱ्या दोन आया तोच फॉर्म भरत होत्या.

"मावशी, 'समोरच्याच्या मनातलं मला लगेच कळतं.' पाचपैकी किती लिहू?"

"एक."

"काहीतरीच! पेशंटनं कूस बदलली तरी तुम्हाला कळतं, त्याला पाणी हवंय की सोबत. मी पाच लिहिलेत, आणि माझं नवऱ्याशीसुद्धा पटत नाही!"

"लेक घर सोडून गेली ना, त्या सकाळी मीच तिची वेणी घातली. दारातून दोनदा वळून बघितलं तिनं. मला वाटलं, डबा विसरली. डबा घेऊन जिन्यापर्यंत धावले गं."

"फोन?"

"तीन वर्षं झाली. रिंग वाजली की अजून हात पुसत धावते."

"पण एक लिहिलं तर कामावरून काढतील."

"पाच लिहून तिचा फोन कुठल्या तोंडानं उचलू?"

साहेब दारात आले. "झाला का फॉर्म?"

मावशी म्हणाल्या, "एक जागा रिकामी ठेवलीय, साहेब. तुमच्या घरातलं माणूस जेवताना गप्प का बसतं, तुम्हाला कळतं? आधी तुमचा आकडा सांगा. पाचपैकी किती?"