नाव काढणं

धम्मदीप : बाकी सगळं करतो, मॅडम. चॅपल झाडायले सांगतलं, खुर्च्या मांडायले सांगतलं. पण बारा पोरांची नावं मी काढणार नाही. अन् नावं काढून पाय धुवायचे असतील तं उद्या मी खाली वाकणारही नाही.

प्रेमिला : अरे, मला आधी पाणी तरी पिऊ दे. हुडकेश्वरहून ऑटोनं आले मी, या उन्हात. तो कूलर जरा इकडे वळव.

(प्रेमिलाबाईंना निवृत्त होऊन वर्ष होत आलं. तरी खोलीत शिरताना सवयीनं त्या टेबलामागच्या प्राचार्यांच्या खुर्चीकडेच निघाल्या होत्या. आता तिथे आपला जुना विद्यार्थी बसतो, हे आठवून टेबलाच्या अलीकडेच थांबल्या आणि मनातल्या मनात स्वतःलाच हसल्या.)

धम्मदीप : घ्या. माठातलं आहे. तुम्हाले संस्थेच्या सचिवसाहेबांनी पाठवलं ना?

प्रेमिला : पाठवलं. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? म्हणाले, तुमच्या धम्मदीपला समजवा. प्रभारी म्हणून चाललं, पण कायमचा प्राचार्य करायचा तर या कॉलेजची मूल्यं पाळणारा माणूस हवा. संस्थेच्या मंडळातले निम्मे लोक तुझ्या बाजूचे आहेत. बाकीचे उद्याचा पवित्र गुरुवार बघून ठरवणार.

धम्मदीप : म्हणजे माझं पद पाय धुवायच्या घंगाळात.

प्रेमिला : थट्टा करू नको. डिग्र्या काय, गल्लोगल्ली मिळतात. शुभ शुक्रवारच्या आदल्या दिवशी प्राचार्यानं गुडघे टेकून विद्यार्थ्यांचे पाय धुवायचे, प्रभूनं शिष्यांचे धुतले तसे. हे दुसरीकडे कुठं बघितलंस? जो मोठा, त्यानं खाली बसायचं. एवढं एक शिकवता आलं नाही, तर मिशनचं कॉलेज कशाला हवं?

धम्मदीप : ते मले पटते. पण तुम्ही वाकल्या तं लोक म्हणत, बाई केवढ्या मोठ्या मनाच्या. मी वाकलो तं म्हणतील, आला शेवटी आपल्या जागेवर.

प्रेमिला : कोणी म्हणणार नाही.

धम्मदीप : तोंडावर नाही म्हणणार. माझा आजोबा, धोंडबा, आमच्या कुही गावात पाटलाच्या घरापुढून जाताना चपला हातात घेऊन जाये. छप्पनमधी नागपुरले येऊन दीक्षा घेतली, अन् परतताना त्याच घरापुढून चपला घालून गेला. मार खाल्ला, पण काढल्या नाही.

प्रेमिला : हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

धम्मदीप : तुम्ही कधी विचारलं नाही.

प्रेमिला : पण धम्मदीप, हे वाकणं प्रेमाचं आहे रे. तुला तर माहीत आहे. तू पहिल्या वर्षाला होतास, तेव्हा तुझेच पाय धुतले होते मी.

धम्मदीप : माहीत आहे ना. त्याच दिवशी आजोबा होस्टेलवर तांदूळ घेऊन आला होता. शिपाई त्याच्यादेखत म्हणाला, मोठ्या मॅडमनं धम्मदीपचं नाव काढलं. आजोबाले वाटलं, पोरगा पहिला आला. साऱ्या होस्टेलले सांगत फिरला, आमच्या पोरानं नाव काढलं. धुतलेलं धोतर नेसून चॅपलमधी पुढं येऊन बसला.

प्रेमिला : देवा. आणि मग?

धम्मदीप : मंग काय? पोराचे पाय घंगाळात दिसले त्याले. मी हौदावर विटेनं घासून आलो होतो, पण धानाच्या चिखलानं पडलेल्या भेगा थोड्याच जातात? मागची पोरं माना उंच करून पाहून राहिली होती. फोटोवाला अजून जवळ आला. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मले.

प्रेमिला : तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं...

धम्मदीप : लाजेचं होतं, मॅडम.

प्रेमिला : आणि मी ती गोष्ट दरवर्षी प्रवचनात सांगत आले. नाव न घेता. एका गरीब मुलाचे पाय धुतले आणि त्याला रडू आलं म्हणून.

धम्मदीप : मागच्या बाकावर बसून ऐकत होतो मी. आधी विद्यार्थी म्हणून, मंग प्राध्यापक म्हणून.

प्रेमिला : काहून बोलला नाहीस रे?

धम्मदीप : कसा बोलू? तुम्ही घरी बसवून इंग्रजी शिकवलं, ताटात वाढलं, अन् एक डाव म्हणाल्या नाही की तुझा धर्म सोड. त्या बाईले कोणत्या तोंडानं म्हणू, तुम्ही मले लाजवलं?

प्रेमिला : आजोबा काय म्हणाले होते?

धम्मदीप : म्हणाला, बाई चांगली आहे. पण तिनं तुले विचारलं होतं का?

प्रेमिला : नव्हतं विचारलं. कोणालाच नाही. होस्टेलच्या मुलांतूनच नावं काढायचे मी. ज्यांना कुठं मान मिळत नाही त्यांना आपण द्यावा, असं वाटायचं मला. मनापासून वाटायचं.

धम्मदीप : मनापासून होतं, ते दिसे आम्हाले. पण रामदासपेठेतल्या डॉक्टरची पोरगी इथं शिकली, तिचे पाय नाही धुतले कधी.

प्रेमिला : नाही. तिचे धुवायचं सुचलंसुद्धा नाही. बोचतंय रे हे. पण बरं केलंस, बोललास. आता सचिवांना काय सांगू? प्रथा बंद केली म्हणून?

धम्मदीप : बंद काहून करू? आजी अंथरुणाले खिळली तेव्हा आजोबाच तिचे पाय धुये. जो पाटलापुढं झुकला नाही, तो. तसं असलं तं मी आनंदानं खाली बसतो. आज वर्गावर्गात जाऊन विचारलं, कोणाले यायचं आहे का?

प्रेमिला : मग?

धम्मदीप : कोणीच हात वर केला नाही. काजल म्हणून एक पोरगी आहे, ती म्हणाली, सर, तुमच्यापुढं पाय करायचे म्हणजे कसंतरीच वाटते.

प्रेमिला : म्हणजे उद्या साऱ्या खुर्च्या रिकाम्या, आणि मंडळ पहिल्या रांगेत. हे पद हातचं जाईल, धम्मदीप. आणि मला ते तुझ्याकडेच हवं होतं.

धम्मदीप : गेलं तं पुन्हा इतिहास शिकवीन. मॅडम, एक विचारू? तुमचे पाय कोणी धुतले का कधी?

प्रेमिला : माझे? नाही रे. मी कायम धुणाऱ्याच्या बाजूला.

धम्मदीप : मंग उद्या तुम्ही बसता का खुर्चीवर? मी माझ्या मनानं विचारून राहिलो. नाही म्हणाल तरी चालते.

प्रेमिला : सगळ्या कॉलेजसमोर? अरे, हे पाय बघ माझे. सुजलेत, नखं काळी पडलीत. लाज वाटेल मला.

धम्मदीप : हो. वाटते.

प्रेमिला : फोटोवाला असेल?

धम्मदीप : नाही.

प्रेमिला : बरं. किती वाजता येऊ?