गुणवंत मंडळाची शपथ

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, वर दुष्काळ, तेव्हाचं सांगतो. आमच्या फार्मसी कॉलेजात हुशार पोरांचं गुणवंत मंडळ निघालं. शपथेच्या दिवशी पहिला आलेला मन्मथच गायब! सर आणि आम्ही रेणापूरजवळच्या त्याच्या गावी गेलो. तिथं हगवणीची साथ होती. निपचित पडलेल्या भाचीला मांडीवर घेऊन तो चमच्यानं मीठ-साखरेचं पाणी पाजत होता.

"शपथ चुकली, सर."

"शिकलेलं लोकांच्या कामी लावीन, एवढीच शपथ हाय. तू तर लावायलासच की," सर म्हणाले आणि चूल पेटवायला बसले.

आम्ही पाणी उकळून घरोघर देत फिरलो. धुरकट उन्हात सगळं गाव स्वप्नातलं वाटत होतं. दिवस कलला, तशी भाची डोळे उघडून म्हणाली, "मामा, भूक लागली."