ढिगातली भाकर

(जळगाव, १९९१. बंद पडलेल्या कापूस-जिनिंग कारखान्यामागची खोली, भर दुपार. धुळ्यात इंग्रजी शिकवणारा लीलाधर तिथल्या जुन्या कामगार भिकुबाईंकडे आला आहे.)

भिकुबाई : इतला उनमा धुयाथून उना, ते एक शबद सांगाले?

लीलाधर : हो अक्का. काल एका पोरीनं वर्गात विचारलं, सर, कंपनी हा शब्द आला कुठून? प्रोफेसर असून मला सांगता येईना. मग जाडा कोश उघडला.

भिकुबाई : त्यामा काय शोधनं? कंपनी म्हनजे आपली जिनिंग. बावीस वरीस कापूस उडना डोकावर. बंद पडनी तवय कोनी इचारं बी नही.

लीलाधर : तो अर्थ फार नंतरचा. मूळ लॅटिन. 'कॉम' म्हणजे सोबत, 'पानिस' म्हणजे त्यांचा पाव, आपली भाकर. एका जागी भाकर खाणारी माणसं. सोबत, पाहुणेमंडळी, शिपायांची तुकडी, व्यापाऱ्यांची पेढी, हे सगळं मागून आलं.

भिकुबाई : साहेब लोके बी भाकर खावाले फडकं आंथरेत?

लीलाधर : ते कोशात नाही. मला तुमचं फडकं आठवलं. जेवणाचा भोंगा झाला की बाया आपापली भाकर मोडून एका ढिगात टाकायच्या, कोणाची कोणती कळू नये म्हणून. मी तेव्हा इथं हमाल, कापसाच्या गाठींमागं एकटा जेवायचो. बौद्धवाड्यातल्या हमालाला ढिगात कोण घेणार? तुम्ही हाक मारली नसती तर आठवड्यात काम सोडलं असतं. मग कॉलेज कुठलं आणि इंग्रजी कुठलं? उपकार आहेत तुमचे. हे कधी बोललोच नाही.

भिकुबाई : माले देव नको करू. त्या दिन मन्हा घर पीठ नही व्हतं. रिकामं फडकं काखमा, ढिगमा हात घालानी लाज वाटे. तू दिसना, तुन्हाजोडे तीन भाकरी. म्हनलं, याले बलावसू, मंग आपलाबी हात जाई.

लीलाधर : म्हणजे तुम्ही...

भिकुबाई : आठ दिन तुन्ही भाकर खादी मी. तुले बलावं म्हनून बायासनं बोलनं खादं, ते तुले कयू दिनं नही. इतलंच मन्हं.

लीलाधर : बायकोनं डबा दिलाय, अक्का. ज्वारी-उडदाची, कळण्याची भाकर आहे.

भिकुबाई : मन्हीबी दोन शेतस. आन इकडे, मोडीसन एकाच ढिगमा टाक.