मागे सीट नसलेली गाडी

...आणि वर तो टायवाला मला विचारतो, ‘काका, चारचाकी चालवता येते ना?’ मला! अहो, अठ्ठावीस वर्षं शहराची बस चालवतोय मी! छप्पन्न माणसं बसलेली, वीस लोंबकळणारी, एक कायम दारात अडकलेला, असा सगळा संसार घेऊन मी बोळातून उलटा येतो, आणि गाड्या विकणारा हा इस्त्रीचा माणूस मला विचारतो, येते ना म्हणून! तुम्हाला सांगतो, तिथेच माझं टाळकं सटकलं. पण गिळला राग. कशासाठी? गाडीसाठी. गाडी चांगली आहे हो, गाडीबद्दल माझी काही तक्रार नाही!

लालभडक. एवढीशी. दोन सीट, उघडणारं छत. आणि मागे? मागे काही नाही! सीट संपली की गाडी संपली! तुम्ही म्हणाल, हा काय गुण झाला? अहो, ज्याच्या मानेवर अठ्ठावीस वर्षं छप्पन्न माणसं उसासे टाकतात ना, त्याला विचारा! ‘ब्रेक आहे की सूड?’ ‘ड्रायव्हर, डोळा लागला काय?’ एक गृहस्थ तर रोज माझ्या पाठीशी बसून फोनवर बायकोशी भांडायचे. पुढे त्यांचा काडीमोड झाला, तर चार दिवस जेवण मला गेलं नाही! आता निवृत्तीला तीन महिने उरलेत. म्हटलं, देवा, बाकी काही नको, फक्त पाठीमागे कोणी नको. तर आमची ही म्हणाली, ‘दोघं जाऊन चालवून बघू. मला पटली तर घेऊ.’ पटली तर! म्हणजे माझी मान, माझी पाठ, आणि पटायचं हिला!

बरं, गेलो. तर टायवाला म्हणतो, ‘टेस्ट ड्राइव्हला आमचा माणूस सोबत लागतोच, नियम आहे.’ सीट किती? दोन. माणसं किती? तीन. तो गाडीकडे बघतो, मी हिच्याकडे बघतो, ही छताकडे बघते. ‘जा तुम्ही,’ म्हणाली, ‘मी थांबते.’ ज्या नवऱ्यानं त्या सुरातलं ‘थांबते’ ऐकलंय, त्याला पुढचं सांगायला नको.

गाडीत बसलो. बसलो कसला, उतरलो! आयुष्यभर चढायची सवय, इथे विहिरीत उतरल्यासारखं. गुडघे कानाशी, डोळ्यांसमोर पुढच्या ट्रकचे नटबोल्ट. त्यानं बटण दाबलं आणि छत घडी घालून गपकन मागे गेलं, आणि डोक्यावर हे एवढं आभाळ! माझी बस कशी, पाय दिला की आधी विचार करते, मग खोकते, मग शेजारणीशी बोलून निघते. ही? पाय नुसता मनात आणला तरी चौकात! गाडी चांगली आहे हो! पण हा बाजूला बसून काय करतोय? ‘काका, वळण एवढं रुंद कशाला? माणसं पळतायत फुटपाथवरची!’ म्हटलं, ‘मागचं चाक चढेल ना!’ ‘काका, मागचं चाक तुमच्या पाठीला टेकलंय!’ आता मला काय माहीत? माझं मागचं चाक अठ्ठावीस वर्षं मागच्या गल्लीत असतं!

आणि मग... सांगू की नको? सांगतोच. मैदानाजवळ आलो आणि गाडी थांबली. मी नाही थांबवली, पायानं थांबवली! बसथांब्याच्या खांबाला चिकटून, वीतभर अंतर ठेवून, झकास. टायवाला म्हणतो, ‘काका, का थांबलो?’ तोंड उघडणार, तेवढ्यात वरून आवाज. छत नाही ना! पिशवीवाल्या मावशी, माझ्या नऊ-दहाच्या फेरीच्या, वाकून आत बघतायत. ‘अगंबाई, ड्रायव्हरसाहेब! आज एवढीच पाठवली?’

म्हटलं, ‘मावशी, आज माझी सुट्टी आहे.’

‘मग थांबलात कशाला?’

मागची अख्खी रांग पुढे आली. मावशींनी पिशवी थेट टायवाल्याच्या मांडीवर ठेवली, ‘धरा जरा, मी चढते.’ छताचे फायदे सगळे सांगतात हो, पण उघड्या गाडीला दार लावून काय उपयोग, हे कोणी सांगतं का? टायवाला किंचाळला, ‘बाई, ही टेस्ट ड्राइव्ह आहे!’ तर मावशी शांतपणे विचारतात, ‘ते कुठे आलं? बाजाराच्या आधी की नंतर?’ आणि मागून एक टोपीवाला म्हणतो, ‘नवीन मार्ग दिसतोय. तरीच एवढी रिकामी!’

कशीबशी पिशवी परत केली, सुटलो. परतलो तर टायवाल्याचा टाय खांद्यावर, तोंडाला फेस. हिला म्हणतो, ‘मॅडम, तुम्ही चालवता का?’ मी हसणार, तोच ही म्हणाली, ‘चालवते की.’ कधीपासून? तर म्हणे दोन वर्षं झाली, क्लास लावला होता दुपारचा! तुम्हाला सांगतो, मी ड्युटीवर सगळ्या गावाला पोचवतोय, आणि घरात हे! बसली, गेली. मी कुठे? काचेच्या दालनात, गार खुर्चीवर, तीन वर्षांपूर्वीचं मासिक वाचत. एक तास!

आली ती केसांचं घरटं करून, गाल लाल, आणि हसतेय! लग्नाला सव्वीस वर्षं झाली, असं हसू मी फक्त ती बहिणीशी फोनवर बोलते तेव्हा भिंतीआडून ऐकलंय. ‘घ्यायची!’ म्हणाली. मी खुर्चीवरून उडालो. ‘अहो, काय मोकळं वाटतं! मागे कोणी नाही, बाजूला कोणी बोलणारं नाही...’ म्हटलं, ‘बाजूला टायवाला होता की.’ ‘त्याला मी पहिल्याच वळणावर गप्प केलं.’ तिथेच, तुम्हाला सांगतो, तिथेच मला कळायला हवं होतं!

आली गाडी. गाडी चांगली आहे हो, दारात उभी असते तेव्हा मी रोज पुसतो! पण किल्ली मागितली की ऐका: ‘तुम्ही? तुम्ही थांब्याथांब्याला थांबता, सांगितलंय मला त्या टायवाल्यानं.’ म्हटलं, ‘मग मी शेजारी बसतो.’ तर शेजारी हिची बहीण! दर रविवारी! गॉगल लावून! मेव्हणी म्हणते कशी, ‘भावोजी, तुम्हाला घेतलं असतं हो, पण मागे सीटच नाही.’

परवा तिघांना एका लग्नाला जायचं होतं. त्या दोघी भुर्रकन गेल्या. मी थांब्यावर. बस आली, माझ्याच आगाराची, चढलो, जुनी माया म्हणून ड्रायव्हरच्या पाठीशी जाऊन उभा राहिलो. तर नवा कंडक्टर ओरडतो, ‘ओ आजोबा, तिथे गर्दी करू नका, मागे सरका, मागे जागाच जागा आहे!’

काय करणार? सरकलो.