दार उघडल्याशिवाय फोन ठेवणार नाही

अरे, हट्ट कसा करायचा ते मी धामणगाव बढ्याच्या दवाखान्यात शिकलो. तिथले कॉम्प्युटर मीच सांभाळतो. सुतारकाम करणारे रशीदचाचा शिडीवरून पडले होते. त्यांच्या कंबरेचा एक्स-रे बुलढाण्याच्या डॉक्टरांना पाठवायचा होता आणि तो काही केल्या जाईना. तिकडच्या सर्व्हरवाल्याला फोन लावला.

‘आमच्याकडून सगळं चालू हाय, तुमचं नेट पाहा.’

नेट चांगलं चालू होतं. मी टेलनेट नावाचा प्रोग्राम उघडून त्यांच्या सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट टाकला. म्हणजे समोरचं दार वाजवून पाहणंच ते. उघडेना.

म्हटलं, ‘भाऊ, दार तुमच्याकडूनच बंद हाय. ते खोलल्याबिगर मी फोन ठेवत नाही.’

‘काऊन डोकं खाऊन राह्यले तुम्ही?’

‘इथं माणूस कण्हून राह्यला म्हणून!’

शेवटी तो नरमला. ‘थांबा, फायरवॉल पाह्यतो.’ फायरवॉल म्हणजे त्या दारावरचा पहारेकरीच.

मी पुन्हा एंटर मारलं आणि स्क्रीन काळीकुट्ट झाली. दार उघडून टेलनेट जोडलं गेलं की असंच होतं. मी नाचायलाच लागलो.

स्ट्रेचरवरून चाचा ओरडले, ‘अरे, कॉम्प्युटर मेला अन् हा नाचून काऊन राह्यला?’

एक्स-रे गेला. डॉक्टरांचा फोन आला, हाड शाबूत होतं.

चाचांनी डोळे पुसले. म्हणाले, ‘मंग आता मले उठव. मी बी नाचतो.’