दिव्यावरची चिकटपट्टी

बायको गेल्यापासून मला रांगेत घाई नसते. घरगुती मशिनच्या दुकानात माझ्यापुढे एक सासू आणि तिची सून उभ्या होत्या. सासूच्या हातात काचेचा धुरकट ग्लास होता.

“हा दाखव त्यांना आणि सांग, तुमचं डिशवॉशर परत न्या.”

“आई, असं नका ना करू. ते गेलं तर कामावरून आल्यावर पुन्हा मी आणि ती भांडी!”

“आणि पाहुण्यांना असल्या ग्लासातून पाणी द्यायचं? कुणीतरी दूध पिऊन तसाच ठेवल्यासारखा दिसतो.”

“व्हिनेगरने पुसला की लख्ख होतो. म्हणजे काच चांगली आहे, पाण्यातले क्षार बसतात.”

“मग तुझं मशिन काय झोपा काढतं?”

“क्षार काढायला त्यात वेगळं मीठ घालतात. ते संपलं की लाल दिवा लागतो. आपला तर लागलाच नाही.”

“लाल?”

“हो. दारावर, उजवीकडे.”

“तो होय! तो केव्हाचा लागलाय. उगाच डोळे वटारून बघत होता, म्हणून मी त्यावर चिकटपट्टी लावली.”

“आई!”

“ओरडू नकोस, लोक बघतायत.”

मी लगेच छताकडे बघायला लागलो. तेवढ्यात त्यांचा नंबर आला.

“बोला काकू, काय तक्रार आहे?” दुकानदाराने विचारलं.

“तक्रार कसली? मशिनचं मीठ द्या. दोन पिशव्या द्या. आमच्या सुनेला कामाचा व्याप, तिच्या कुठं लक्षात राहतंय!”